तीन मतांचा मतदारसंघ

बडोदेकर मंडळींस दादाभाई नौरोजी ठाऊक आहेत ते मल्हारराव गायकवाडांचे दिवाण म्हणून. १८७४ सालची ती दिवाणगिरी अल्पकाळच टिकली. पुढे ज्या वस्तीने त्यांना ब्रिटिश पार्लमेंटात धाडले, त्या लंडनमधील मध्य फिन्सबरीविषयी मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी लिहिले आहे.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने फिन्सबरीस दोन जागा मिळाल्या, आणि तेव्हापासूनच हा भाग सत्ताधाऱ्यांपुढे मान न तुकविणारा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राचे संस्थापक टॉमस वेकली हे येथलेच सभासद. १८८५ साली या विस्तीर्ण मतदारसंघाचे विभाजन झाले व क्लार्कनवेलच्या परिसरात मध्य फिन्सबरी हा स्वतंत्र मतदारसंघ उदयास आला. घड्याळे घडविणारे, जवाहिरे व छापखान्यांतील कामगार यांचा हा मुलूख. एकाने चाक करावे, दुसऱ्याने तबकडी, असा तेथला घड्याळांचा धंदा! मताधिकार होता तो घरधनी पुरुषांना व काही भाडेकरूंना; स्त्रियांना तो मुळीच नव्हता.

दादाभाई १८८६ मध्ये शेजारच्या होबर्न येथे पराभूत झाले होते. त्या पराभवाचा उल्लेख करताना १८८८ साली पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी त्यांना ‘काळा माणूस’ म्हटले. या उद्गाराने दादाभाईंचे नाव इंग्लंडभर झाले, ते सॉल्सबरींना अभिप्रेत नसावे! खरा त्रास दिला तो स्वपक्षीयांनी. मध्य फिन्सबरीच्या उमेदवारीवरून लिबरल पक्षात दीर्घकाळ कलह माजला होता. १८९२ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी होते कॅप्टन पेंटन. तेथील पेंटनविल हा भाग त्यांच्याच घराण्याच्या जमिनीवर वसलेला. फेरमोजणीअंती दादाभाईंना २,९५९ व पेंटन यांना २,९५६ मते पडली. ‘नॅरो’ म्हणजे अरुंद, निसटते. तेव्हा नौरोजींचे ‘नॅरो-मेजॉरिटी’ व्हावयास वेळ लागला नाही.

खोर्देह अवेस्ता हाती घेऊन त्यांनी शपथ वाहिली. १८९३ साली सनदी नोकरीच्या परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्याव्यात, असा ठराव कॉमन्स सभेत संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही, ही गोष्ट निराळी.

निवडून दिले क्लार्कनवेलच्या कारागिरांनी आणि सभासद बोलणार हिंदुस्थानविषयी, हा न्याय कोणता? प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या सभेत हिंदुस्थानच्या तिजोरीचा जमाखर्च चर्चिला जाई, तेथे त्या देशाला एकही जागा नव्हती. अशा स्थितीत एका माणसाने दोन वस्त्यांचा भार वाहिला, यात मतदारांची फसवणूक झाली असे आम्हांस वाटत नाही. आपण कोणाला मत देत आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१८९५ मध्ये लिबरल पक्षाच्या देशव्यापी पराभवात दादाभाईही पडले. त्याच निवडणुकीत मंचरजी भावनगरी हे दुसरे पारशी गृहस्थ बेथनल ग्रीनमधून, तेही सॉल्सबरींच्याच पक्षातर्फे, निवडून आले. मध्य फिन्सबरी हा मतदारसंघ १९१८ साली नाहीसा झाला. आता ती वस्ती इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी या मतदारसंघात मोडते. तेथे पेंटनविल रोड आहे, आणि त्याच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर नौरोजी स्ट्रीटही आहे.