तोंडवळीचे 'सी वर्ल्ड' आणि भारतातील डॉल्फिनबंदी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी परिसरात 'सी वर्ल्ड' उभारण्याचा बेत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने २०१०च्या आसपास पुढे आणला. डॉल्फिनचे खेळ हे त्यातले मोठे आकर्षण ठरणार होते. त्या काळात कोची, मुंबई आणि दिल्लीलगतच्या नोएडासाठीही असे प्रस्ताव चर्चेत होते.

या खेळांचा भारताला असलेला अनुभव थोडा, आणि तोही वाईट. १९९८ साली चेन्नईजवळच्या 'डॉल्फिन सिटी'साठी बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. नव्या तलावांसाठीही प्राणी परदेशातूनच आणावे लागले असते, आणि या व्यापारातला एक मोठा पुरवठादार म्हणजे जपानमधील ताइजी गाव. तेथे शिकारीच्या हंगामात मासेमार होड्यांच्या कडेने लोखंडी नळ्या पाण्यात सोडून त्यांवर हातोड्यांनी ठोकतात. आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणारा हा प्राणी त्या गोंगाटाने बिथरतो. कळप आखातात शिरला की तोंडाशी जाळे ओढले जाते. प्रशिक्षक त्यांतले तरणे, बिनजखमी प्राणी निवडतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांची कत्तल होते. जिवंत डॉल्फिनला मांसापेक्षा कितीतरी पट भाव मिळतो, म्हणून तलावांची मागणीच ही शिकार पोसते, असा डॉल्फिनच्या खेळांविरुद्धच्या आंदोलकांचा मुख्य मुद्दा होता. 'द कोव्ह' (२००९) या माहितीपटाने हे चित्र जगभर पोहोचवले. त्यातले रिक ओ'बॅरी हे स्वतः १९६०च्या दशकात 'फ्लिपर' मालिकेसाठी डॉल्फिन शिकवणारे; १९७०पासून ते या धंद्याच्या विरोधात उभे राहिले.

भारतात ही मोहीम प्रामुख्याने 'फियापो' या प्राणिसंरक्षण संस्थांच्या महासंघाने चालवली. तलाव बांधून झाल्यावर प्राणी सोडवण्यापेक्षा परवानगीच अडवणे सोपे, हे महासंघाने ओळखले होते. १७ मे २०१३ रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून राज्यांना कळवले की, मनोरंजनासाठी डॉल्फिन आणण्याचा, पकडण्याचा किंवा त्यांचे तलाव उभारण्याचा कोणताही प्रस्ताव मान्य करू नये. डॉल्फिनना 'मानवेतर व्यक्ती' मानून त्यांचे स्वतंत्र हक्क असावेत, या शास्त्रज्ञांच्या मताचाही त्यात उल्लेख होता. सरकारी कागदात अशी भाषा विरळाच. देशभर गाजले ते हेच शब्द. प्रकल्प मात्र अडले ते परवानगी नाकारण्याच्या साध्या सूचनेमुळे.

तोंडवळीतला विरोध निराळ्या कारणाचा होता. बागायती आणि घरे प्रकल्पात जातील ही तेथील ग्रामस्थांची धास्ती. त्यांच्या लढ्याचा विषय जमीन होता, डॉल्फिन नव्हे. म्हणूनच बंदीनंतरही 'सी वर्ल्ड'ची चर्चा पुन्हा डोके वर काढत राहिली, तेव्हा गावाचा विरोधही मावळला नाही. दोन्ही लढे एकाच प्रकल्पाविरुद्ध, पण आपापल्या वाटेने चालले.

खरे तर डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या उथळ पाण्यात कुबडाचा डॉल्फिन मुळातच राहतो. देवबाग-तारकर्लीचे होडीवाले पर्यटकांना तोच दाखवायला नेतात. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सागरी डॉल्फिनचाही समावेश झाला. २०१३चे परिपत्रक मात्र कैदेपुरते आहे. कळपामागे किती होड्यांनी, किती जवळून जावे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.