दुसऱ्या पंगतीतले विजेते : हॉकीच्या ‘चॅम्पियन्स चॅलेंज’चा इतिहास

१/ १८ ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिंपिक, पुरुष हॉकीचा अंतिम सामना. मैदानावर ना जर्मनी, ना नेदरलँड्स, ना ऑस्ट्रेलिया. अर्जेंटिनाने बेल्जियमला ४-२ असे हरवून आपले पहिले सुवर्णपदक जिंकले. हे दोन्ही संघ चार-पाच वर्षांपूर्वी एकाच दुय्यम स्पर्धेचे विजेते होते. आज फारशी कुणाला न आठवणाऱ्या त्या स्पर्धेचा हा इतिहास. भारताचाही त्यात मोठा वाटा आहे. #थ्रेड

२/ आरंभ १९७८ पासून करावा लागेल. त्या वर्षी लाहोरमध्ये ‘चॅम्पियन्स ट्रॉफी’ सुरू झाली. कल्पना पाकिस्तानच्या एअर मार्शल नूर खान यांची. जगातल्या मोजक्या अव्वल संघांनीच परस्परांशी खेळावे, असे तिचे स्वरूप होते. स्पर्धेचा दर्जा त्यामुळे उंचावला. पण पंगत लहान होती. सातव्या-आठव्या क्रमांकाच्या संघाला बलाढ्य प्रतिस्पर्धी भेटत ते विश्वचषकात किंवा ऑलिंपिकमध्येच.

३/ ही कोंडी फोडण्यासाठी आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने २००१ मध्ये ‘चॅम्पियन्स चॅलेंज’ सुरू केली. अव्वल संघांच्या लगेच खालचे सहा संघ तिच्यात खेळू लागले. विजेत्याला वरच्या पंगतीत, म्हणजे चॅम्पियन्स ट्रॉफीत, स्थान मिळे; तिथे तळाला राहणाऱ्याला खाली यावे लागे. बढती आणि घसरण यांची ही शिडी फुटबॉलच्या साखळी स्पर्धांत जुनीच होती. हॉकीच्या राष्ट्रीय संघांसाठी ती नवी होती.

४/ पहिली स्पर्धा डिसेंबर २००१ मध्ये क्वालालंपूरला झाली. याच शहरात १९७५ मध्ये भारताने आपला एकमेव विश्वचषक जिंकला होता. आठ ऑलिंपिक सुवर्णपदकांचा धनी असलेला तोच देश आता त्याच शहरात दुसऱ्या पंगतीत बसला होता. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला २-१ असे हरवले. अर्जेंटिना आणि बेल्जियम हे संघही त्या स्पर्धेत होते. तेव्हा ते भारताच्या मागे राहिले.

५/ बढतीचे फळ लगेच मिळाले. २००२ मध्ये कोलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला. कांस्यपदकाच्या सामन्यात पाकिस्तानकडून ३-४ अशी हार झाली. मात्र मूळ दुखणे कायम होते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून खेळ कृत्रिम मैदानावर गेला होता. अशी मैदाने महाग, आणि खेळाडूंच्या प्रमाणात भारतात ती फारच थोडी होती. गवतावर घडलेला खेळाडू वेगवान मैदानावर उशिरा पोहोचत होता.

६/ दरम्यान अर्जेंटिनाने ही शिडी चिकाटीने वापरली. २००५ मध्ये इजिप्तमधील अलेक्झांड्रिया, २००७ मध्ये बेल्जियममधील बूम आणि २०१२ मध्ये मायदेशी किल्मेस, अशी तीन विजेतेपदे त्याने मिळवली. इतर कोणालाही ही स्पर्धा एकापेक्षा अधिक वेळा जिंकता आली नाही. २०१४ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला कांस्य मिळाले आणि त्यानंतर दोन वर्षांनी रिओचे सुवर्ण.

७/ २००७ च्या बूम स्पर्धेत भारत तिसरा आला. ती धोक्याची घंटा होती, हे पुढच्याच वर्षी कळले. मार्च २००८ मध्ये चिलीच्या सँटियागो येथील पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्रिटनने भारताला २-० असे हरवले. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिक खेळलेला भारतीय हॉकी संघ बीजिंगला जाऊ शकला नाही.

८/ २००९ ची स्पर्धा अर्जेंटिनातील साल्ता शहरात झाली. न्यूझीलंड विजेता, पाकिस्तान दुसरा, भारत तिसरा. चॅम्पियन्स ट्रॉफीला जन्म देणारा पाकिस्तानही आता दुसऱ्या पंगतीत होता. या दोन शेजाऱ्यांच्या नावावर मिळून ११ ऑलिंपिक सुवर्णपदके आणि ५ विश्वचषक जमा होते. हॉकीचा मध्यबिंदू दक्षिण आशियातून किती दूर सरकला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

९/ २०११ ची घसरण मात्र मैदानाबाहेर झाली. त्या वर्षीची चॅम्पियन्स ट्रॉफी दिल्लीत व्हायची होती आणि यजमान म्हणून भारत तिच्यात खेळणार होता. पण देशात हॉकीचा कारभार कोणी पाहायचा, यावरून दोन संघटनांत वाद पेटला होता. ‘एका देशात एकच संघटना’ या नियमावर बोट ठेवून महासंघाने यजमानपद काढून घेतले. स्पर्धा ऑकलंडला गेली आणि भारताची रवानगी जोहान्सबर्गच्या चॅम्पियन्स चॅलेंजमध्ये झाली.

१०/ जोहान्सबर्गला भारताने अंतिम फेरी गाठली आणि बेल्जियमकडून ३-४ अशी हार पत्करली. अंतर एका गोलाचे होते. पण सात-आठ महिन्यांनी लंडन ऑलिंपिकमध्ये बेल्जियम पाचवा आला आणि भारत बारावा, म्हणजे शेवटचा. बेल्जियमने परदेशी प्रशिक्षक आणून, तरुण खेळाडूंची एकच फळी वर्षानुवर्षे एकत्र ठेवून संघ बांधला होता. भारतात याच काळात प्रशिक्षक आणि पदाधिकारी बदलत राहिले.

११/ महिलांच्या हॉकीत याच शिडीची सर्वांत खालची पायरी, ‘चॅम्पियन्स चॅलेंज २’, भारताने २००९ मध्ये रशियातील कझान येथे जिंकली. अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध राणी रामपालने चार गोल केले. ती तेव्हा १४ वर्षांची होती. पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार तीच होती.

१२/ पुरुषांची अखेरची चॅम्पियन्स चॅलेंज २०१४ मध्ये मलेशियातील क्वांटन येथे झाली आणि दक्षिण कोरियाने ती जिंकली. चॅम्पियन्स ट्रॉफीही २०१८ मध्ये ब्रेडा येथे संपली. २०१९ पासून वरच्या पंगतीत ‘प्रो लीग’ आली, तर २०२२ पासून खालच्या पंगतीत ‘नेशन्स कप’. पहिला महिला नेशन्स कप भारताने व्हॅलेन्सियात स्पेनला १-० असे हरवून जिंकला आणि प्रो लीगमध्ये प्रवेश मिळवला. २०२४-२५ च्या हंगामात तळाला राहून तोच संघ पुन्हा खाली आला.

१३/ नव्या शिडीला पैशाचेही कुलूप आहे. २०२५ मध्ये क्वालालंपूरला न्यूझीलंडच्या पुरुष संघाने नेशन्स कपच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला ६-२ असे हरवले. पण प्रो लीगसाठी खंडोखंडी प्रवास करण्याचा खर्च न परवडल्याने त्याने बढती नाकारली. ती जागा उपविजेत्या पाकिस्तानला देऊ करण्यात आली. २००१ मध्ये शिडी चढण्यासाठी सामना जिंकणे पुरेसे होते. आता तिजोरीही भरलेली लागते.

१४/ रिओमध्ये भारताने साखळीत अर्जेंटिनाला २-१ असे हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमकडून १-३ अशी हार पत्करली. टोकियोत उपांत्य फेरीत बेल्जियमनेच भारताला ५-२ असे रोखले आणि पुढे सुवर्ण जिंकले. भारताने जर्मनीला ५-४ असे हरवून कांस्य मिळवले. ४१ वर्षांनी आलेले ते पदक साऱ्यांनी पाहिले. बूम, साल्ता आणि जोहान्सबर्गचे सामने फार थोड्यांनी पाहिले. भारत कुठे मागे पडला आणि कोण पुढे निघाले, हे तिथल्या निकालांत आधीच लिहिलेले होते.