‘भारतात कुठूनतरी’ ते ‘कोलशेत, ठाणे’: हॅम रेडिओच्या परवान्यामागची गोष्ट

हे आमच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या गच्चीपासून करते. कोलशेतला आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक तांब्याची तार ताणलेली आहे. साधारण वीस मीटर लांब, दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, मधोमध खाली उतरणारी केबल. लांबून बघितलं तर कपडे वाळत घालायची तार वाटेल. एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी.

ही तार लावायची परवानगी मागायला मी सोसायटीच्या मीटिंगला गेले, तेव्हा पहिला प्रश्न आला, “हे कायदेशीर आहे ना?” दुसरा प्रश्न एका काकांचा. ते हसत होते, पण पूर्ण हसत नव्हते. “बाजूला एअरफोर्सचं स्टेशन आहे. उद्या पोलीस आले म्हणजे?”

मी परवाना दाखवला. हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा. परीक्षा दिली, अर्ज केला, मग इतके महिने वाट बघितली की घरचे विसरूनही गेले होते. काकांनी कागद वाचला, मान डोलावली, तार लागली. पण त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. काका उगाच घाबरत नव्हते. त्या भीतीला इतिहास आहे, आणि त्यातला एक मोठा तुकडा इथून लोकलने तासाभराच्या अंतरावर, गिरगाव-चौपाटीच्या आसपास घडलाय. आज तोच सांगायचाय.

आधी हॅम म्हणजे काय, ते थोडक्यात. स्वतःचा ट्रान्समीटर वापरून, धंद्यासाठी नाही तर हौस आणि शिक्षण म्हणून, जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलणारा माणूस म्हणजे हॅम. मध्ये मोबाइलचा टॉवर नाही, इंटरनेट नाही. त्याची ओळख म्हणजे सरकारने दिलेलं कॉलसाइन. भारतातली बहुतेक कॉलसाइन ‘व्हीयू’ने सुरू होतात.

आपल्याकडे ही हौस १९२०च्या दशकात सुरू झाली. परवानाधारक मोजकेच, त्यातही इंग्रज अधिकारी बरेच. १९३३मध्ये बिनतारी संदेशवहनाचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा झाला. ऐकायच्या रेडिओलासुद्धा लायसन्स लागायचं. ऐंशीच्या दशकापर्यंत ते चालू होतं. तुमच्या आजोबांकडे पोस्टातून शिक्का मारून आणलेलं ते छोटं पुस्तक असेल, विचारून बघा.

१९३९ला महायुद्ध सुरू झालं. सरकारने हॅम मंडळींचे परवाने बंद केले आणि ट्रान्समीटर पोलिसांकडे जमा करायला सांगितले. शत्रूच्या हेराच्या हाती लागू नयेत, हे उघड कारण. पण हवेतून कोण बोलतंय यावर सरकारला ताबा हवा होता, हेही तितकंच खरं.

मुंबईत तेव्हा नरिमन प्रिंटर नावाचे एक पारशी गृहस्थ होते. रेडिओचे जाणकार आणि हॅम. त्यांचं कॉलसाइन ‘व्हीयू टू एफयू’. नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

८ ऑगस्ट १९४२. गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नेते तुरुंगात. वर्तमानपत्रांवर बंधनं. मग बातमी लोकांपर्यंत पोहोचणार कशी? बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं, आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र काढायचं. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलभाई झवेरी ही त्यातली नावं. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी साहित्याची मदत केली. राममनोहर लोहिया मार्गदर्शनाला होते. आणि ट्रान्समीटर उभा करून दिला नरिमन प्रिंटर यांनी.

ऑगस्ट संपता संपता मुंबईच्या हवेत आवाज उमटला. ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलतोय, भारतात कुठूनतरी. रोज हीच घोषणा. ‘कुठूनतरी’, कारण जागा सांगितली की खेळ खलास. पोलिसांच्या शोधगाड्या फिरत होत्या, म्हणून जागा सतत बदलायच्या. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावची पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला.

आणि बातम्या कुठल्या? चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप. आणि आपल्या विदर्भातलं आष्टी-चिमूर. १६ ऑगस्टला तिथे जे घडलं, त्यानंतर लोकांवर जे अत्याचार झाले, ते छापणं वर्तमानपत्रांना अवघड होतं. काँग्रेस रेडिओने ते देशाला सांगितलं.

आता जरा थांबून एक गणित करू. तरंगलांबी ४२.३४ मीटर म्हणजे वारंवारिता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हॅम मंडळींच्या कानाला ही ओळखीची जागा आहे. हा आमचा ‘चाळीस मीटर बँड’! भारतात आज हॅमना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ वापरायला मिळतो. माझ्या गच्चीवरची वीस मीटरची तार नेमकी त्याच बँडसाठी कापलेली आहे, तरंगलांबीच्या निम्मी. हा बँड आहेही गुणी. दिवसा काहीशे किलोमीटरवर गप्पा होतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या भागातला लहरी शोषणारा थर विरतो, त्याच्याही वरचा थर लहरी परत जमिनीकडे वळवतो आणि आवाज पार दूर जातो. काँग्रेस रेडिओचं मुख्य प्रक्षेपण संध्याकाळी असायचं. त्या वेळी या बँडवर लांबची गाठ पडते, हे कुठलाही हॅम सांगेल.

हे चाललं जेमतेम अडीच महिने. नोव्हेंबरमध्ये प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनी माहिती दिली. १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पॅराडाइज बंगल्यावर धाड पडली तेव्हा ‘वंदे मातरम्’ची रेकॉर्ड वाजत होती. बंद करा म्हटल्यावर उषाताई आणि चंद्रकांत झवेरींनी ती बंद केली नाही. पुढे खटला चालला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, त्या येरवड्यात होत्या. बाबूभाईंना पाच वर्षं, चंद्रकांत झवेरींना एक. विठ्ठलभाई आणि मोटवानी सुटले.

म्हणजे बघा, ज्या हाताने यंत्र जुळवलं, त्याच हाताने दार दाखवलं. प्रिंटरना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी त्यांची वकिली करत नाही. पण त्यांच्याशिवाय काँग्रेस रेडिओचं यंत्र उभं राहिलं नसतं, हेही नोंदवायला हवं. हवेत तार ताणणाऱ्या माणसाकडे विद्या असते. ती विद्या कोणाच्या कामी येईल, हे दुसऱ्याला बाहेरून दिसत नाही. सरकारची भीती तीच, आमच्या काकांची भीतीही तीच.

आता परवान्याचे आजचे नियम बघा. हॅमने सार्वजनिक प्रक्षेपण करायचं नाही. बातम्या द्यायच्या नाहीत, गाणी वाजवायची नाहीत, सांकेतिक भाषेत गुपितं बोलायची नाहीत. दर संभाषणात कॉलसाइन सांगायचं. केंद्राची जागा परवान्यावर लिहिलेली असते. काँग्रेस रेडिओने जे जे केलं, ते सगळं इथे मना आहे! मी अभ्यास करताना हे पहिल्यांदा एका बैठकीत वाचलं आणि थोडी खट्टू झाले.

नंतर वाटलं, त्यात विसंगती नाही. परक्या सत्तेने तोंड बांधलं होतं तेव्हा नाव लपवून बोलणं हे धैर्य होतं. स्वतंत्र देशात नाव-गाव सांगून बोलता येणं हा त्या धैर्याचा हिशेब पुरा झाल्यासारखं आहे. मात्र हा विश्वास दोन्हीकडून पाळावा लागतो. नागरिकाने नियम पाळायचे, आणि सरकारनेही प्रत्येक तारेमागे हेर शोधायचा नाही.

तो विश्वास कामी येतो त्याचं एकच उदाहरण देते. अंदमानात सुरक्षेच्या कारणाने अनेक वर्षं हॅमना परवानगी नव्हती. डिसेंबर २००४मध्ये ती मिळाली आणि भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालचं पथक पोर्ट ब्लेअरला पोहोचलं, जगभरच्या हॅमशी बोलायच्या हौसेने. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन गेले. हौसेसाठी आणलेल्या त्याच रेडिओवरून मग बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवली गेली.

स्वातंत्र्यानंतर हौशी मंडळी पुन्हा जमली. १९४८मध्ये महू इथे अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला, तोच पुढे अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. महू हे लष्कराच्या सिग्नल्सचं गाव, तेव्हा जागा साहजिकच. आज परवान्यासाठी वयाची किमान अट १२ वर्षं. इंजिनीअर असायची गरज नाही. दोन वर्ग आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींना रेडिओचं प्राथमिक शास्त्र आणि नियम यांची लेखी परीक्षा असते. जनरलला त्याशिवाय मोर्स, मिनिटाला आठ शब्द. मोर्सला घाबरू नका. तो डोळ्यांनी पाठ करायचा नसतो, तबल्याच्या बोलासारखा कानाने शिकायचा असतो. आणि परवाना यायच्या आधीपासून ऐकायला लागा. कोण कसं बोलतं, कधी गप्प बसतं, हे ऐकूनच कळतं.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन सेटसमोर बसते. बँडवर कुणी पुण्याचा, कुणी हुबळीचा, कुणी सुरतेचा. कॉलसाइन झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, “आपण कुठून बोलताय?” मी सांगते, “कोलशेत, ठाणे.” दर वेळी ते दोन शब्द उच्चारताना चाळीस मीटरवरचा तो जुना आवाज आठवतो, ज्याला गावाचं नाव सांगायची सोय नव्हती.

परवा ते काका गच्चीवर आले होते. तारेखाली उभं राहून म्हणाले, “सुरतेला माझी बहीण असते. तिथलं ऐकू येतं का?” हेडफोन त्यांच्या कानावर चढवला.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, आम्ही हॅम निरोपाला म्हणतो तसं, सेव्हंटी थ्री!