परक्याच्या रुळांवरून

कल्याणच्या स्टेशनांतून अष्टौप्रहर मालगाड्या जात असतात. त्या पाहतांना गाडी कोणाची आणि रूळ कोणाचा, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ज्याचा रूळ त्याचीच गाडी, असें आपण गृहीत धरतों. लोहमार्गाच्या इतिहासांत मात्र ही समजूत मागाहून आलेली आहे. इंग्लंडांतील रेल्वेचे पहिले कायदे कालव्यांच्या व पथकराच्या रस्त्यांच्या धर्तीवर झाले. मार्ग कंपनीनें बांधावा आणि ठरलेला कर भरून कोणींहि त्यावरून आपली गाडी न्यावी, अशी ती कल्पना होती. वाफेच्या एंजिनानें ती मोडून काढली. रस्त्यावर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला कडेस घेतां येतें. रुळाला कड नसते.

तरीहि परक्याच्या रुळाची गरज संपली नाहीं. मिडलंड कंपनीला लंडनपर्यंत स्वतःचा मार्ग नव्हता. तेव्हां ग्रेट नॉर्दर्न या आपल्या प्रतिस्पर्धी कंपनीशीं करार करून १८५८ पासून ती किंग्ज क्रॉसपर्यंत गाड्या आणूं लागली. गर्दी वाढली कीं खोळंबा व्हावयाचा तो अर्थातच पाहुण्यांच्या गाड्यांचा. १८६२ सालीं तर तिच्या कोळशाच्या गाड्यांना तेथील सायडिंगांतून बाहेर काढण्यांत आलें. अखेर मिडलंडनें अपार खर्च करून स्वतःचा मार्ग बांधला व १८६८ मध्यें सेंट पँक्रस स्टेशन उघडलें. करार कागदावर कितीहि चोख असो, सिग्नलचा दांडा ज्याच्या हातीं त्याचीच गाडी आधीं जाते.

आपल्याकडे आरंभीं असा प्रसंग आला नाहीं, कारण मुलूखच वाटून दिला होता. जी. आय. पी. कंपनीची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास आणि १ मे १८५४ रोजीं कल्याणास पोंचली. तेथून एक फांटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जताकडे गेला, आणि दोन्ही घाटांखालचा सारा माल कल्याणाच्या एकाच दारांतून मुंबईस उतरूं लागला. सरकारनें भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी दिलेली असल्यामुळें स्पर्धेची निकडहि नव्हती. परंतु १८६४ सालीं बी. बी. अँड सी. आय. कंपनी गुजरातेंतून मुंबईस आली आणि शहराला दुसरें दार मिळालें.

दोघींनाहि उत्तरेचा माल हवा होता. जी. आय. पी.नें १९०० सालीं इंडियन मिडलंड कंपनी आपल्यांत सामील करून घेतली आणि आग्र्यापासून दिल्लीपर्यंत रूळ नेले. दुसरीनें १९१० च्या सुमारास नागदा ते मथुरा हा मार्ग पुरा केला. मुंबई ते दिल्ली हें अंतर कल्याणावरून सुमारें १,५४० किलोमीटर, तर बडोद्यावरून १,३८४. शिवाय थळघाटांत दर ३७ फुटांस एक फूट असा चढ, तो या वाटेवर नाहीं. पण मथुरेपासून दिल्लीपर्यंतचे रूळ जी. आय. पी.चे! जवळच्या वाटेची मालकीण प्रतिस्पर्धिणीच्या अंगणांतून जाऊन दिल्ली गांठीत असे. १९२८ सालीं सुरू झालेली प्रसिद्ध फ्राँटियर मेल याच अंगणांतून जाई.

जी. आय. पी.नें हें कां चालूं दिलें? माझ्या मतें याचें उत्तर सौजन्यांत नसून मालकींत आहे. जी. आय. पी.चा मार्ग १९०० सालीं आणि बी. बी. अँड सी. आय.चा १९०५ सालीं सरकारनें विकत घेतला होता. कंपन्या नुसत्या चालक उरल्या होत्या. वर पंच बसलेला होता. जेथें पंचाचा धाक पोंचत नसे तेथें या कंपन्या काय करीत, हें त्यांच्या अडवणुकीच्या दरांवरून दिसतें. माल आपल्या हद्दींत थोडेंच अंतर जाऊन जंक्शनावर दुसऱ्या कंपनीच्या हातीं पडणार असेल, तर त्या थोड्या अंतराला मैलामागें भारी भाडें लावावयाचें, म्हणजे व्यापारी ती वाट सोडून देई. रूळ उखडण्याचें कारणच नाहीं!

१९२५ सालीं जी. आय. पी.चा व १९४२ सालीं बी. बी. अँड सी. आय.चा कारभार सरकारनें हातीं घेतला. १९५१ मध्यें मध्य व पश्चिम रेल्वे झाल्या, आणि एकाच घरांत हा प्रश्न मिटला.

तो पुन्हां उठला तो आपल्या ठाणें जिल्ह्यांत डोळ्यांदेखत. न्हावाशेव्याचें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. तेथील कंटेनर पनवेलवरून दिव्याकडे येतात आणि कोपरला मुख्य मार्गाच्या डोक्यावरून भिवंडी, वसईकडे जातात. ही वाहतूक रेल्वेनेंच १९८८ सालीं स्थापलेल्या कंटेनर कॉर्पोरेशनकडे होती. २००६ सालीं सरकारनें ती खाजगी कंपन्यांस खुली केली. न्हावाशेवा-दिल्ली या मोलाच्या वाटेसह सर्वत्र गाड्या चालविण्याच्या परवान्यास ५० कोटी रुपये, इतर वाटांस १० कोटी. वाघिणी कंपनीच्या, एंजिन, ड्रायव्हर व रूळ मात्र रेल्वेचे. म्हणजे मिडलंडला होता तेवढाहि अधिकार येथें नाहीं, कारण तिचें एंजिन तरी तिचें होतें. ओढणावळीचा दर रेल्वे मंत्रालय ठरवितें, आणि कॉर्पोरेशनच्या भागांपैकीं निम्म्याहून अधिक भागहि सरकारकडेच आहेत. १९१० सालीं दोन चालकांच्या वर तिसरा पंच होता. येथें पंच एका पक्षाचा पिता आहे.

डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला, कोपरच्या पुलावरून कोणाच्या वाघिणी गेल्या याच्याशीं काय कर्तव्य? पण त्याच्या घरांतल्या बऱ्याच वस्तूंचें भाडें त्या पुलावर ठरत असतें. २००७ सालापासून झालेले ते करार वीस वर्षांच्या मुदतीचे आहेत, आणि ते वाढवितांना दर ठरविण्यास त्रयस्थ मनुष्य बसवावयाचा कीं नाहीं, हें मंत्रालयासच ठरवावें लागेल.