साथ आणि चाकरमानी बाप

कोकणातल्या मुलाला बाप वर्षातून दोनदा भेटतो, शिमग्याला आणि गणपतीला. बुरोंडीत माझं बालपण याच पंचांगावर गेलं. एरवी बाप म्हणजे मनीऑर्डर. ही सेवा भारतात १८८०मध्ये सुरू झाली आणि फॉर्मवरच्या मजकुराच्या इवल्या जागेत कोकणातल्या पिढ्यांचं बापपण मावलं. म्हणूनच साथींचा इतिहास वाचताना मला आधी प्रश्न पडतो, तेव्हा मुलांचं काय झालं?

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडलं. गिरण्यांतला रत्नागिरीकरही गावाकडे निघाला. साथीने बाप अवेळी घरी आणला, पण संशय घेऊनच. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला, गाड्या-बोटींच्या उतारूंची तपासणी सुरू झाली. ज्याची वाट पाहायची, त्यालाच भ्यायचं अशी वेळ आली.

कधी मूलच दूर असे. आमच्याच दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी औंधला शिकत असताना तिथे प्लेग आला आणि ते घरी परतले. मग शिक्षणासाठी पुण्याला गेले. नोव्हेंबर १९१७मध्ये आई गेली, तेव्हा ते जवळ नव्हते. १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं, त्यामागे ही राहून गेलेली भेट आहे असं मला वाटतं.

मे २०२०च्या अखेरीस माझा धाकटा भाऊ मुंबईहून आला. चौदा दिवस शाळेत राहायचं होतं. वहिनी डबा गडग्यावर ठेवून मागे सरायची. पाच वर्षांची पुतणी लांबून हात हलवायची. ‘बाबांच्या जवळ जायचं नाही’ हे आम्हीच तिला रोज बजावत होतो.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. शाळेचे पत्रे उडाले आणि भाऊ भिजत घरी धावला. पुतणी पडवीतून आत पळाली आणि आजीच्या पदरामागे लपली. त्याने हाक मारली, ती बाहेर आली नाही.

वीज नव्हती, फोन बंद होते, मुंबईला कळवायची सोय नव्हती. चौदा दिवस संपल्यावरही ती त्याच्यापासून हातभर लांब बसायची. गणपतीपर्यंत ती त्याच्या मांडीवर बसू लागली. आणि मग त्याची परत जायची वेळ झाली.