सिंहगडावरचे घर आणि घराची वाट

पुण्यातील एखाद्या उंच गच्चीवर उभे राहून निरभ्र दिवशी नैऋत्येस पाहिले, तर सिंहगडाचा माथा सहज ओळखता येतो. त्या गडावरची लढाई आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. आज मी आपणांपुढे ठेवणार आहे तो प्रश्न त्या मानाने अगदी घरगुती आहे. ज्यांचे बिऱ्हाडच त्या माथ्यावर होते, ती माणसे घरी जात कशी, आणि त्यांच्या चुलीपर्यंत धान्य, तेल व मीठ पोहोचत कसे?

हिमालयात डोंगरावरच्या घराची वाट बर्फ अडवितो. आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही. पण कडा आहे आणि चार महिन्यांचा पाऊस आहे. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे 4,300 फूट उंच. पुण्याहून पाहता चढण दोन हजार फुटांहून अधिक. आषाढात धुके उतरले की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही. अशा जागी राहणाऱ्याला पावसाळ्याची बेगमी आधीच करून ठेवावी लागते, हे निराळे सांगणे नको.

परंतु ही अवघड वाट केवळ निसर्गाने दिलेली नव्हती. ती मुद्दाम अवघड राखलेली होती. रामचंद्रपंत अमात्यांनी इ. स. 1715 च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे. गडाची वाट सोपी असू नये. असलीच तर ती मोडून तेथे झाडी वाढवावी, असा त्यांचा उपदेश आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, हेही ते बजावून सांगतात. सिंहगडावर या दोन्ही गोष्टी आजही डोळ्यांनी पाहता येतात. पुण्याच्या बाजूने येणाऱ्यास एकामागून एक तीन दरवाजे ओलांडावे लागतात. दक्षिणेस कल्याण दरवाजा आहे. आणि माथ्यावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, त्यांत देवटाक्याचे पाणी विशेष गोड म्हणून नावाजलेले आहे.

पाणी वर होते, पण बाकीचे बहुतेक सारे खालून यायचे. गडाच्या पायथ्याभोवतीच्या वस्तीला ‘घेरा’ म्हणत. गडाच्या वाटांवर नजर ठेवणे आणि गडाची चाकरी करणे हे अशा वस्तीचे काम असे. ‘घेरा सिंहगड’ हे गावाचे नाव आजही चालू आहे. गडकऱ्यांच्या चुली ज्यांच्या डोक्यावरच्या ओझ्यांनी पेटत राहिल्या, त्यांची इतकीच आठवण आपल्या नकाशात उरली आहे.

4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसरे गडावर आले ते या वाटेने नव्हे. वाटेवर पहारा होता, म्हणून त्यांनी कडा निवडला. त्यांच्यासह कित्येकांनी देह ठेवला. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने ती रात्र घरोघरी पोहोचविली, आणि ते योग्यच झाले. त्यानंतर तीस वर्षांनी, मार्च 1700 मध्ये, जिंजीहून परतलेले छत्रपती राजाराम महाराज आजारी स्थितीत याच गडावर कालवश झाले. दुखणाईत माणसाने ही चढण पायी चढली असेल, असे मानवत नाही. मग त्यांना वर आणणारे खांदे कोणाचे होते? तिथी आपल्याजवळ आहे, समाधी आपल्याजवळ आहे. भोयांची नावे मात्र कोणी लिहून ठेविली नाहीत.

1818 साली गड इंग्रजांच्या हाती गेला आणि वाटेचा अर्थच पालटला. जो चढ शत्रूला अडविण्यासाठी राखला होता, तो आता थंड हवा खाण्यास जाणाऱ्यांची अडचण ठरला. पुण्याच्या उन्हाळ्याला कंटाळलेले युरोपियन लोक एप्रिल-मे महिन्यांत येथे राहावयास येऊ लागले; त्यांचे बंगले उभे राहिले. चढ तोच राहिला. फरक इतकाच, की पूर्वी गडाच्या रक्षणासाठी ओझी वर जात, आता विश्रांतीसाठी जाऊ लागली. खुर्ची, पलंग, पेटी, आणि ज्याला चालवत नसे तो माणूसही दुसऱ्याच्या खांद्यावरूनच वर जाई.

पुढे लोकमान्य टिळकांनीही उन्हाळ्यातील मुक्कामासाठी येथे बंगला घेतला. ‘वेदांतील आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात होते’, असे प्रतिपादन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1903 साली प्रसिद्ध झाला. हिमाने घराची वाट बंद केलेल्या लोकांच्या स्थलांतराचा विचार करणाऱ्या विद्वानाचे उन्हाळी घर सह्याद्रीच्या अशा माथ्यावर असावे, हा योगायोग मनोरम खरा. 1920 च्या मे महिन्यात महात्मा गांधींनीही सिंहगडावर काही दिवस विश्रांती घेतली. देवटाक्याचे पाणी त्यांना इतके आवडले, की पुण्यात असताना ते मुद्दाम मागवीत, असे सांगतात. ही आख्यायिका खरी धरली, तर तीतही एक माणूस दडलेला आहे: घागर घेऊन गड उतरणारा!

आज मोटाररस्ता थेट पुणे दरवाज्याजवळ जातो. पावसाळ्यात दरडी कोसळून तो अनेकदा बंद ठेवावा लागला आहे. तेव्हा अमात्यांना जे हवे होते ते डोंगर आपण होऊन करून दाखवितो, आणि आतकरवाडीची जुनी पायवाटच काय ती खरी राहते. त्याच वाटेने आसपासच्या वस्त्यांतील स्त्रीपुरुष दह्याची मडकी, भाकरी-पिठल्याचे सामान आणि सरपण वाहत आले. आपण दमून टेकतो, मडक्यातले दही खातो, आणि हवेची तारीफ करीत उतरतो.

श्रोतेहो, कड्यावरच्या एका रात्रीच्या चढणीला पोवाडा मिळाला. पायवाटेवरच्या रोजच्या चढणीला तो मिळाला नाही, कारण तीत नाट्य नव्हते. पण गड जिंकावयाला एक रात्र पुरते. तो नांदता ठेवावयाला मात्र रोज कोणीतरी ओझे घेऊन वर यावे लागते. दोन्ही चढणी इतिहासातच जमा व्हावयास हव्यात. पुढच्या खेपेस आपण गड चढाल, तेव्हा पायांनी गुळगुळीत झालेला एखादा दगड वाटेत दिसेल. तेथे क्षणभर थांबावे. त्या दगडावर अक्षर नाही. परंतु तोही एक शिलालेखच आहे.