सिंथेसायझरची पेटी आणि तिचे खण

मंडळी, मॉड्युलर सिंथेसायझरचा इतिहास आपण बहुधा आवाजाचा इतिहास म्हणून सांगतो. आज जरा त्याच्या पेटीकडे बघू. यंत्राचे भाग कुठे बसवायचे, हे कारखान्याने ठरवायचं की वाजवणाऱ्याने? आमच्या मते हा प्रश्न पेटीतच सुटला, आणि फार उशिरा सुटला.

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी सुटे मॉड्युल लोकांपुढे आणले. स्वर काढणारा भाग वेगळा, तो गाळणारा वेगळा, मध्ये जोडतारा. पुढे त्यांची कंपनी अक्रोडाच्या लाकडाच्या कपाटात तयार संच विकू लागली. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मांडला, तो मूगच. तारा हव्या तशा फिरवा. पण खणांची मांडणी सहसा कारखान्यातूनच ठरून येई. तिकडे कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांच्या मॉड्युलची उंची निराळी. म्हणजे एकाचा भाग दुसऱ्याच्या पेटीत बसणारच नाही!

आपला मिसळणाचा डबा आठवा. वाट्या एका मापाच्या, म्हणून मोहरी आणि हळद जागा बदलू शकतात. हे माप सिंथेसायझरला मिळालं १९९० च्या दशकाच्या मध्यावर, जर्मनीच्या डीटर डोएफर यांच्याकडून. गंमत अशी, की ते त्यांनी नव्याने शोधलं नाही. औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्सच्या चौकटींचं माप उचललं: पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत. एकोणीस इंची चौकटीत असे ८४ भाग मावतात. मग इतर कारागीरही त्याच मापाचे मॉड्युल करू लागले.

आता रुळाकडे या, खरी मेख तिथे आहे. एका पद्धतीत खाचेत सरकणाऱ्या चाकी असतात. मॉड्युल कुठेही बसतो, पण प्रत्येक चाकी स्क्रूखाली आणताना बोटांची परीक्षा! दुसरीत आटे पाडलेली सलग पट्टी असते. काम झटपट होतं, मात्र भोक किंचित चुकलेला मॉड्युल ती घेत नाही. सतत फेरमांडणी करणाऱ्याला आम्ही तरीही पट्टीच सुचवू.

आणि मागची बाजू विसरू नका. वीज देणारी चपटी केबल उलटी लागली, तर संरक्षण नसलेला मॉड्युल जळतो. वीजफळी तळाशी ठोकली, तर जाड मॉड्युल तिच्यावर आदळतो. मग पेटीत जागा असूनही तो दुसरीकडे हलवता येत नाही. तेव्हा सुताराला माप देण्याआधी आपल्याकडचा सर्वांत खोल मॉड्युल मोजावा, वर केबलच्या वळणापुरती जागा धरावी, आणि मगच फळी कुठे बसवायची ते सांगावं.